इंदुरात जुन्या धाटणीचा सोल-ब्लूज अल्बम रेकॉर्ड करायचाय: खोली, माइक, ब्रास, एलपी

रामबागचा_बेस

पहिला अल्बम येत्या हिवाळ्यात रेकॉर्ड करायचा आहे. धाटणी साठच्या दशकातल्या मेम्फिस आणि डेट्रॉइट या अमेरिकन शहरांतल्या सोल संगीताची, वर ब्लूज-रॉकची गिटार. अलीकडचं सांगायचं तर अलाबामा शेक्सचा २०१२ चा किंवा नॅथॅनिअल रेटलिफ अँड द नाइट स्वेट्सचा २०१५ चा पहिला अल्बम, त्या अंगाचं काहीतरी. सहा गाणी मराठी, तीन हिंदी, मिळून ३७ मिनिटं.

माणसं सात: ड्रम्स, बेस, दोन गिटार, कीबोर्डवर ऑर्गन, गायिका, आणि टॅम्बरिन-कोरसला एक. ब्रास बाहेरून बोलवायचा.

जागा म्हणजे रामबागेतल्या जुन्या घराचा वरचा हॉल. १८ बाय १२ फूट, उंची १० फूट, खाली कोटा फरशी, भिंती प्लास्टरच्या. आठ इनपुटचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आहे. माइक: तीन शुअर एसएम ५७, दोन एसएम ५८, एक मोठ्या डायफ्रॅमचा कंडेन्सर, दोन लहान कंडेन्सर. टेप मशीन नाही.

डेमो क्लिकवर (कानात वाजणाऱ्या यांत्रिक ठोक्यावर), एकेक वाद्य वेगळं घेऊन केला. सूर-ताल चोख आहे, पण बँड ऐकतोय असं वाटत नाही, फायली एकावर एक रचल्यासारखं वाटतं. टेपचा भास आणणारा प्लग-इन (सॉफ्टवेअर) टाकला तर तेच सगळं, फक्त धुरकट. तर सगळ्यांनी एकत्र वाजवावं का? खोलीचं काय करायचं? इंदुरात ब्रास कसा जमवायचा? आणि थोड्या एलपी (जुन्या धर्तीच्या तबकड्या) काढायच्या झाल्या तर आधीपासून काय सांभाळायचं?

सुतळी_आणि_माइक

निदान तुम्हीच करून ठेवलंय. त्या रेकॉर्डांच्या गोडव्यात टेपचा वाटा लोकांना वाटतो त्याहून बराच कमी आहे. खरी करामत मोजक्या माइकांची, दाबून ठेवलेल्या वाद्यांची आणि एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये सांडण्याची, म्हणजे स्पिलची. ड्रम्सचा आवाज गिटारच्या माइकमध्ये जरा उशिरा पोचतो, दर ३४ सेंटिमीटरला साधारण १ मिलिसेकंद. एवढ्याशा उशिरावरून कान ओळखतो की ही सगळी मंडळी एका खोलीत आहेत. वेगवेगळ्या फायलींत ती खूणच नसते, मग प्लग-इन ती आणणार कुठून?

आधी खोली. १० फूट उंचीमुळे ५६ हर्ट्झला, १२ फुटांमुळे ४७ ला, १८ फुटांमुळे ३१ आणि ६२ ला खोली स्वतःच घुमणार. बेसच्या भाषेत: ई तारेवरचे एफ शार्प आणि जी, मोकळी ए, आणि तिच्यावरचा बी हे सूर फुगतील, मधला ए फ्लॅट बसका वाटेल. वाजवणाऱ्याचा यात काही दोष नाही. रजया टांगून हे जात नाही, कारण ५६ हर्ट्झची लाट सहा मीटर लांब असते, चार इंच कापूस तिला काय अडवणार? म्हणून बेसचा अ‍ॅम्प खोलीत ठेवूच नका. डीआय बॉक्समधून (वाद्याची वायर माइकशिवाय जोडायच्या डब्यातून) थेट घ्या आणि सगळ्यांना हेडफोनमध्ये द्या. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमर्सनचा बेस असाच थेट डेस्कमध्ये जायचा.

बेसला फ्लॅटवूंड (गुळगुळीत वेटोळ्यांच्या) तारा चढवा आणि पुलाजवळ तारांखाली फोमची पट्टी सरकवा. सूर लगेच विझतो, आणि तेच हवंय: बेसचा सूर संपतो तिथे किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) ऐकू येते. राउंडवूंड (खरबरीत) तारा लावून मागाहून ईक्यूने (आवाजाचे वरचे-खालचे भाग कमी-जास्त करून) वरचं कापलं तर आवाज गढूळ होतो, पण लांबी तेवढीच राहते. फ्लॅटवूंड एकदा चढवल्या की वर्षानुवर्षं काढायच्या नाहीत, जेमर्सनची त्या बाबतीत ख्यातीच होती.

गाद्या मात्र लागतील, वेगळ्या कारणासाठी. पिंजाऱ्याकडच्या साध्या कापसाच्या चार-पाच गाद्या घ्या. दोन ड्रमरच्या मागे, एकेक गिटारच्या अ‍ॅम्पसमोरच्या भिंतीला. भिंतीला चिकटवू नका, चार इंच पोकळी सोडा. तेवढ्याच जाडीत जरा खालपर्यंतचा आवाज शोषला जातो. सगळी खोली मात्र मढवायची नाही. तसं केलं की वरचा आवाज खाल्ला जातो, २०० ते ४०० हर्ट्झचा गोळा तसाच राहतो आणि खोक्यात बसून वाजवल्यासारखं येतं. सतरंजी फक्त ड्रम्सखाली, बाकीची फरशी उघडीच असू द्या.

ड्रम्स. कोटेड हेड (लेप दिलेली पानं), स्नेअर (खाली स्प्रिंगा असलेला ड्रम) मध्यम-घट्ट, आणि त्याच्या वरच्या एक तृतीयांश भागावर पंचा. फ्लोअर टॉमवर (जमिनीवर पायांवर उभ्या ड्रमवर) पूर्ण पंचा. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचा ड्रमर अल जॅक्सन ज्युनिअर स्नेअरवर पैशाचं पाकीट ठेवायचा, तत्त्व तेच. किकचं पुढचं हेड काढू नका. आत लहान उशी दोन्ही हेडना जेमतेम टेकेल एवढी. भोक पाडून आत माइक घातला की टकटक येते, ती सत्तरीनंतरची चव.

झांजांचं ड्रमरला आधीच सांगा, कारण हे नंतर कशानेच सुधारत नाही. हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी जोडझांज) अर्ध्या जोराने, क्रॅश (मोठी झांज) गाण्यात दोन-तीनदा, स्नेअर मात्र दर वेळी तेवढ्याच जोराने. दोन-तीन माइकांत ड्रम्सचं मिक्सिंग ड्रमरच्या हातात असतं, इंजिनिअरच्या नाही.

माइक असे: एक लहान कंडेन्सर स्नेअरच्या बरोबर वर, साधारण ११० सेंटिमीटरवर. दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूने, टॉमच्या वर चार-सहा इंच, स्नेअरकडे बघणारा. दोघांचं स्नेअरपासूनचं अंतर अगदी सारखं हवं, सुतळी लावून मोजा. पाच-सात सेंटिमीटरचा फरक पडला तरी दोन्ही माइक एकत्र ऐकताना स्नेअरचा टणका बोथट होतो, कारण एकाच्या लाटा दुसऱ्याच्या लाटा खोडतात. हा इंग्लिश रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लिन जॉन्सचा ढंग. तुमच्याकडे उंची १० फूट, म्हणजे वरचा माइक छतापासून जेमतेम साडेतीन-चार फुटांवर येणार. छतावरून परतलेला आवाज सहा-सात मिलिसेकंदांनी त्याच माइकमध्ये शिरतो आणि ड्रम्स पोकळ वाटतात. म्हणून पाचवी गादी ड्रम्सच्या वर, मच्छरदाणीसारखी आडवी बांधा.

इनपुट बरोबर पुरतात: ड्रम्सचे दोन, किकला एक ५७, बेस डीआय, दोन गिटारना दोन ५७, ऑर्गन मोनो डीआय, गायिकेला ५८. मोठा कंडेन्सर ब्राससाठी राखून ठेवा. पातळी २४ बिटला सरासरी उणे १८ आणि शिखरं उणे १० डीबीएफएसपर्यंतच (डिजिटल मीटरवर शून्य म्हणजे लाल दिवा). लाल दिव्यापर्यंत ढकलून ऊब येत नाही, ते टेपचं गणित.

गिटारला ५ ते १५ वॉटचा व्हॉल्व अ‍ॅम्प, नॉब अर्ध्याच्या वर. ५० वॉटचा अ‍ॅम्प एवढ्या खोलीत उघडताच येत नाही. मागून आणलेला अमेरिकन अ‍ॅम्प असेल तर ११७-१२० व्होल्टचा आहे का हे पाटीवर वाचा आणि लागेल त्याच्या दुप्पट वॉटचा स्टेप-डाउन लावा. आमच्या ५० हर्ट्झवर ६० हर्ट्झसाठीचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, दोन-तीन तासांनी बंद करून गार होऊ द्या.

आणि दोन्ही गिटार एकाच जागी कॉर्ड झोडत बसल्या तर ब्रासला जागाच उरत नाही. एकाने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वरच्या तीन तारांवर तुटक फटका द्यायचा, बस. दुसऱ्याने बेसच्याच ओळीवर एक सप्तक वर चालायचं. ब्लूज-रॉकची करवत सोलोपुरती ठेवा, सतत चालली की सोल संपतो.

क्लिक चार मात्रांच्या मोजणीपुरता, मग बंद. कोरसला दोन-तीन बीपीएम (मिनिटाला ठोके) वाढले तर वाढू द्या. बॅकबीट, म्हणजे दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा स्नेअर, किंचित मागे. ही मागे बसण्याची सवय १९६५ मध्ये गायक विल्सन पिकेटच्या सेशनला स्टॅक्समध्ये आली, प्रोड्यूसर जेरी वेक्सलरने नाचून दाखवलं तेव्हा. क्लिक कानात असताना मागे बसता येत नाही, माणूस क्लिकचाच पाठलाग करतो.

जिन्याखाली

वरचं बहुतेक सगळं मान्य. एका गोष्टीवर हात वर करतो: गायिकेला त्याच खोलीत घेणं.

स्टॅक्सचा स्टुडिओ म्हणजे जुनं सिनेमागृह होतं, जमिनीचा उतारसुद्धा तसाच ठेवलेला. तिथे स्पिल लांबून, मऊ होऊन यायचा. १८ बाय १२ मध्ये ड्रम्स गायिकेपासून दोन-अडीच मीटरवर असणार, आणि हळू गाण्यात तिच्या आवाजापेक्षा झांजा मोठ्या येणार. म्हणजे कॉम्प्रेसर (हळू-मोठ्यातला फरक कमी करणारं साधन) आवाज वर ओढेल तेव्हा प्रत्येक ओळीच्या शेवटी झांजाही वर येतील. हे ऐकायला फार वाईट लागतं.

त्याहून मोठी गोची पुढे आहे. तिने खोलीत मोकळ्या गळ्याने गायलं आणि नंतर तुम्ही गाणं पुन्हा घेतलं, तर पहिला आवाज ड्रम्सच्या माइकमध्ये उरतो. नव्या ओळीची फिरत जराशी वेगळी असली की मागे भूत गातंय असं येतं, आणि ते काढता येत नाही. म्हणून आधीच ठरवा: एक तर हाच आवाज अखेरचा, नाहीतर गायिका बाहेरच्या पडवीत, दार किलकिलं, नजर ड्रमरवर. मधलं काही नको.

खोलीतच घ्यायचं झालं तर ५८ हा कार्डिऑइड आहे, तो बरोबर मागच्या बाजूने सगळ्यात बहिरा. म्हणून गायिकेने ड्रमरकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे माइकची पाठ ड्रम्सकडे येते. लोक उलट करतात, ड्रम्सकडे पाठ, आणि माइकचं तोंड सरळ झांजांना दाखवतात. तिच्या मागे जाड रजई हवीच, नाहीतर मागच्या भिंतीवरून ड्रम्स पुढून शिरतात. माइक तोंडापासून चार बोटं.

आता गुणगुण. सिंगल-कॉइल गिटार आणि जुन्या घराची वायरिंग, म्हणजे ५० आणि १०० हर्ट्झचं घर. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी ट्यूब, इन्व्हर्टर, फ्रिज, या क्रमाने बंद करून ऐका. रेग्युलेटरचा आवाज गुणगुण नसतो, करकर असते, त्यावरून ओळखू येतो. सगळं सामान एकाच १६ अँपिअरच्या पॉइंटवरून चालवा. तुमचा सगळा भार दीड हजार वॉटच्या आत राहील, तो पॉइंट साडेतीन हजार झेपवतो. दोन खोल्यांतले दोन पॉइंट घेतले की अर्थ लूप होतो (दोन अर्थिंगमधून गुणगुण शिरते). अर्थची पिन कापून गुणगुण घालवणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नका. व्हॉल्व अ‍ॅम्प, घामट बोटं आणि माइकची धातूची जाळी, यात माणूस जातो.

उरलेली गुणगुण गिटारवाल्याने बसल्या जागी हळूहळू फिरून शोधायची. एका दिशेला ती जवळजवळ नाहीशी होते, तिथे खुर्चीच्या पायांना खडूने खूण करा.

आणि तुमच्या घराला दगडी जिना असेल तर रिव्हर्बचा प्लग-इन विसरा. जिन्याच्या तळाशी एक स्पीकर, तोंड भिंतीकडे. वरच्या चौकात मोठा कंडेन्सर, स्पीकरकडे पाठ करून. गाणं आणि स्नेअर त्या स्पीकरला पाठवा, पाठवताना २५० हर्ट्झच्या खालचं आणि ६ किलोहर्ट्झच्या वरचं कापा. खालचं न कापल्यास जिना ढोलासारखा घुमतो. पाठवण्याआधी १०० मिलिसेकंदांच्या आसपास उशीर दिला की शब्द आधी स्वच्छ येतो, मग जिना बोलतो. रात्री एकनंतर करा, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजाराची वर्दळ घरी परतल्यावर. शेजाऱ्यांना आधी सांगून.

भिया_टेपवाले

टेपच्या प्लग-इनबद्दल एवढंच: प्रत्येक ट्रॅकवर नको, दोन-तीन ग्रुपवर. इनपुट असं की मोठ्या फटक्यालाच सुई हलावी. वॉव आणि फ्लटर (टेपचा वेग डळमळून होणारी सुराची थरथर) शून्य. चांगल्या स्टुडिओ मशीनवर तो जवळजवळ नव्हताच, लोक कॅसेटच्या आठवणीने वाढवतात आणि ऑर्गन आजारी वाटायला लागतो.

ऑर्गनला पहिले तीन ड्रॉबार (आवाजाचे थर कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या) पूर्ण बाहेर, बाकी आत. लेस्लीची (ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरची) हळू गती हीच मुक्कामाची जागा, जलद फक्त कोरसच्या शेवटच्या दोन बारांत. पूर्ण गाणं जलद फिरवलं की जत्रेतला पाळणा होतो.

पितळी

ब्रासचं सांगतो, कारण इथे इंदूरवाले उगाच मुंबईकडे बघतात. लग्नाच्या बँडांत ट्रम्पेट, सॅक्सोफोन, युफोनियम वाजवणारे दमदार लोक शहरात आहेत. तुम्हाला तीनच हवेत: ट्रम्पेट, टेनर सॅक्स आणि खाली ट्रॉम्बोन किंवा युफोनियम. बॅरिटोन सॅक्स शोधत बसू नका, खालची ओळ युफोनियम छान धरतो, फक्त जरा गोल येतो.

पहिला घोळ पट्टीचा. गिटारवाल्यांना ई आणि ए लाडके. ई मधलं गाणं टेनर आणि ट्रम्पेटला एफ शार्पमध्ये पडतं, सहा शार्प. ऑल्टो असेल तर सी शार्प, सात. असल्या पट्टीत बोटं अडकतात, सूर वर-खाली होतात, आणि मग वादकाला नावं ठेवली जातात. उपाय फुकटचा आहे: गिटार-बेस अर्धा सूर खाली लावा. ई ची मूठ ई फ्लॅटमध्ये वाजेल, टेनरला एफ येईल, एकच फ्लॅट. ऑल्टोला सी, काहीच नाही. ए ची मूठ ए फ्लॅट होईल, टेनरला बी फ्लॅट. तारा थोड्या सैल पडतात म्हणून ११ चा संच चढवा. गायिकेलाही अर्धा सूर दिलासा. मात्र एकदा ठरवलं की सगळा अल्बम तसाच, मध्ये बदलत बसलात तर अर्धा दिवस ट्यूनिंगमध्ये जातो.

दुसरा घोळ थांबण्याचा. वरातीत सूर लांबवायचा असतो, रस्त्यावर पोचायला हवा म्हणून, वर कंपही भरपूर. इथे उलट: तुटक फटका, कंप नाही, आणि तिघांनी एकाच क्षणी तोंड मिटायचं. सूर कुठे सुरू होतो हे सगळेच सांगतात, कुठे संपतो ते कुणी सांगत नाही. प्रत्येक फटक्याचा शेवट सांगा: "तिसऱ्या मात्रेवर बंद". नोटेशन पुढे केलं तर काहींना चालेल, काहींना नाही. बहुतेकांचा कान तिखट असतो, म्हणून ओळी तोंडाने गाऊन रेकॉर्ड करून चार दिवस आधी मोबाइलवर पाठवा. ओळीही थोड्या ठेवा. गायिका गाते तिथे ब्रास गप्प, ती श्वास घेते तिथे ब्रास बोलतो.

वाद्य जुनं असेल तर ४४० ला बसतंय का हे घ्यायच्या आधी तपासा. काही जुनी वाद्यं चढ्या पट्टीची असतात, ट्यूनिंग स्लाइड पूर्ण ओढूनही खाली येत नाहीत. थंड वाद्य खाली बोलतं, दहा मिनिटं फुंकून गरम झाल्यावरच सूर लावायचा, आणि दर दोन टेकनंतर पुन्हा.

माइक एकच, तो मोठा कंडेन्सर. टेनर आणि युफोनियम साधारण एक मीटरवर, ट्रम्पेट त्यांच्या मागे दोन मीटरवर, किंचित बाजूला. तोल पावलांनी साधायचा. ट्रम्पेट मोठा येतोय तर माणूस एक पाऊल मागे, नॉबला हात नाही. हे सगळं ताल-विभाग घेतल्यावर, दुसऱ्या दिवशी, त्याच खोलीत, म्हणजे खोलीचा रंग जुळतो.

तारखा. लग्नसराईत हे लोक मिळणार नाहीत, मिळाले तरी रात्रभर वाजवून ओठ सुजलेले असतात आणि वरचा सूर लागत नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या आसपास आणि रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीला तर विचारूच नका. तुम्ही हिवाळा म्हणताय तर डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा मलमास धरा. मुहूर्त नसतात, लोक मोकळे असतात, आणि थंडीमुळे पंखा बंद ठेवूनही खोलीत बसवतं. चातुर्मासातही मोकळे असतात, पण तेव्हा लाकडी वाद्यं दमटपणाने फुगून सुरातून हलतात.

अंतरा_समेवर

मराठी गाण्यांसाठी एक. सोलमध्ये ओळीचा शेवटचा सूर चार-सहा मात्रा ओढायचा असतो. आपल्याकडे शब्दाच्या शेवटचा अ उच्चारात नाही, म्हणून "परत", "वाट", "मन" असल्या शब्दांवर ओळ संपली की गायिका एक तर "परतऽऽ" असं खोटं ओढते नाहीतर तोंड मिटून अडकते. ओळ अशी फिरवा की शेवटी आ, ए, ओ येईल. "येशील का परत" ऐवजी "परत तू ये ना", ओढ "ना" वर. कोरसच्या प्रत्युत्तराला तीन-चार अक्षरं पुरे, "ये ना", "सांग ना" एवढंच. हिंदीत हा त्रास तेवढाच आहे, पण "रे", "ओ", "जा" वर संपवायची सवय आधीच असते.

रामबागचा_बेस

खूप उपयोगाचं आहे हे. जिना दगडीच आहे. गायिका पडवीत राहील असं सगळ्यांनी ठरवलं, हळू दोन गाणी मात्र खोलीत, एकदाच, अखेरची म्हणून. अर्धा सूर खाली लावायला गिटारवाले कुरकुरले, पण तयार झाले. एलपीचं कुणी सांगेल का? आणि एका गाण्याऐवजी जुन्या कुणाच्या तरी गाण्याची आपली आवृत्ती टाकायचा विचार चालू आहे.

बाजू_अ

दुसऱ्याचं आधी. पहिल्या अल्बमवर ते नको. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी प्रमाणे आवृत्ती काढायला मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटावी लागतात, आधी नोटीस, आणि रॉयल्टी किमान ५०,००० प्रतींची, तुम्ही ३०० काढल्या तरी. मालकाशी थेट करार करता येतो, पण त्यात महिने जातात. आपली नऊ गाणी आहेत ना, तीच टाका. प्रत्येकाला आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) घ्या, गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं (रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) बघा, आणि कुणाचा वाटा किती हे सात जणांच्या सह्यांनी कागदावर आणा, रेकॉर्डिंगच्या आधी.

एलपी. बारा इंची, ३३⅓ ला एका बाजूला १८ ते २० मिनिटं आरामात बसतात. तुमची ३७ मिनिटं म्हणजे साडेअठरा-साडेअठरा, उत्तम. २४-२५ मिनिटं भरली असती तर खाचा एकमेकींजवळ आणाव्या लागतात, त्यासाठी आवाजाची पातळी उतरते आणि मागची खरखर वर येते.

क्रम डिजिटलसाठी लावाल तसा इथे चालत नाही. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण आतल्या वर्तुळाचा घेर लहान, म्हणून सुईखालून सेकंदाला कमी लांबीची खाच जाते आणि वरचा आवाज फाटतो. दणदणीत ब्रास आणि चढा आवाज बाजूच्या सुरुवातीला, हळू गाणं शेवटी. तुमची ती खोलीत गायलेली दोन हळू गाणी अ आणि ब च्या शेवटाला ठेवा, प्रश्नच मिटला.

साधारण १५० हर्ट्झच्या खाली सगळं मोनो. बेस किंवा किक एका बाजूला ढकलली तर खाच वर-खाली उथळ-खोल होते आणि सुई उडते. जुन्या स्टिरिओसारखं ड्रम्स डावीकडे, ब्रास उजवीकडे करायचा मोह होईल. करा, पण किक मधेच. "स", "श" ची शिट्टी डी-एसरने (ती दाबणाऱ्या प्लग-इनने) मिक्समध्येच दाबा, मराठीत "श" भरपूर असतो आणि कटिंगला तीच पहिली फाटते. अर्ध्या जोराने वाजवलेल्या झांजा इथेही कामाला येतात.

मिक्स करताना आवाजावर ऑप्टिकल ढंगाचा कॉम्प्रेसर, तीन ते पाच डीबी, त्याहून जास्त लागत असेल तर फेडर हाताने चालवा. ड्रम्सच्या तिन्ही माइकांना मिळून एकच कॉम्प्रेसर. पूर्ण मिक्सवर १२ किलोहर्ट्झच्या वर हळू उतार आणि ३५-४० च्या खाली कापणी. निम्मा वेळ एका स्पीकरवर मोनोत ऐका: मोनोत गाणं उभं राहत नसेल तर मांडणीत गर्दी आहे, ईक्यूने ती हटत नाही.

मास्टर दोन वेगळे करा. एलपीसाठी २४ बिट, लिमिटर (शिखरं छाटणारं साधन) नाही, शिखर उणे ३ च्या खाली. स्ट्रीमिंगसाठी ट्रू पीक उणे १. स्पॉटिफाय एरवी सगळ्या गाण्यांचा मोठेपणा उणे १४ एलयूएफएसच्या (सरासरी मोठेपणाच्या मापाच्या) आसपास समान करतं, त्यामुळे उणे ८ पर्यंत चेपून काही मिळत नाही, ड्रम्स तेवढे सपाट होतात. टेस्ट प्रेसिंग (छपाईआधीची नमुना तबकडी) आली की चांगल्या आणि भिकार अशा दोन्ही प्लेअरवर ऐका, दोन्ही बाजू, शेवटच्या गाण्यापर्यंत. लोक पहिलं गाणं ऐकून होकार कळवतात.

रामबागचा_बेस

छान. शेवटचं बारीक: घरात पंचा नाही, टर्किश टॉवेल आहे. चालेल?

सुतळी_आणि_माइक

स्नेअरवर नाही. जाड टॉवेलने काठीचा टणकाही मरतो आणि खालच्या स्प्रिंगा बोलतच नाहीत, पुठ्ठ्यावर मारल्यासारखं येतं. एम. टी. क्लॉथ मार्केटातून सुती पंचा घ्या, दोनदा धुवून खळ काढा, दोन पदर करा, कडेला रिमवर चिकटपट्टीने फक्त एका बाजूने अडकवा. फटक्याला जरा उडून परत बसला पाहिजे. दोन्ही बाजूंनी ताणून बांधलात तर तोही टॉवेलच झाला. टर्किश टॉवेल किकच्या आतल्या उशीऐवजी वापरा, गुंडाळून.